मैदानाचे कुलूप आणि देऊ केलेली किल्ली: नाशिकमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातले हे प्रकरण. कॉलनी, मंडळ आणि माणसे यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. रस्त्याच्या एका अंगाला 1990 च्या दशकात प्लॉट पडून वसलेली कॉलनी, नाल्यापलीकडे त्याहून जुनी वस्ती आणि दोन्हींच्या मधे सुमारे वीस गुंठ्यांचे मैदान. कॉलनीतले बरेच जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. वस्तीतले पुरुष त्याच कारखान्यांत कंत्राटावर पाळ्या करणारे, बायका कॉलनीत धुणीभांडी आणि स्वयंपाकाला जाणाऱ्या.

ले-आउट मंजूर करून घेताना ठराविक आकाराच्या वरच्या जमिनीत दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. हे मैदान त्या दहा टक्क्यांतले. पुढे ते महापालिकेच्या नावावर चढले आणि सरकारी खर्चाने कंपाउंड, चालायला पेव्हर ब्लॉकची वाट आणि ग्रीन जिमची काही यंत्रे आली. देखभाल कॉलनीतल्या मित्रमंडळाकडे गेली. मंडळाने ती मनापासून केली हे आधीच सांगायला हवे. कडुनिंब आणि करंज लावले, दोन उन्हाळे वर्गणी काढून टँकरने जगवले. आज जी सावली आहे ती त्यांच्यामुळे.

मग रात्री दारूच्या बाटल्या फुटू लागल्या, जिमच्या यंत्रांचे सुटे भाग चोरीला गेले. मंडळाने गेटला कुलूप लावले आणि बोर्ड रंगवला: फक्त रहिवाशांसाठी, सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 6 ते 8. किल्ल्या तीन, तिन्ही पदाधिकाऱ्यांकडे.

बाहेर कोण राहिले, हे वेळापत्रकातच दिसते. दर मंगळवारी दुपारी कडुनिंबाखाली बसणारा वस्तीतला महिला बचत गट, दोन घरच्या कामांच्या मधला तास सावलीत काढणाऱ्या बायका, दुसऱ्या पाळीला जाणारे म्हणून सकाळी दहाला फिरायला येणारे कामगार आणि क्रिकेट खेळणारी दोन्हीकडची मुले.

अडचण नेमकी कोणती

पहिल्या तक्रार अर्जात अडचण एका ओळीत लिहिली होती: 'मैदान बंद आहे, ते उघडावे.' ही मांडणी अपुरी होती आणि पुढचे सगळे फाटे तिथूनच फुटले. मैदान बंद नव्हतेच, दिवसातून चार तास उघडे होते. कोणी विनंती केली तर पदाधिकारी अधूनमधून गेट उघडूनही देत. म्हणजे प्रश्न अडवणुकीइतकाच परवानगीचाही होता.

राजकीय तत्त्वज्ञानात हा फरक चांगला घासून पाहिलेला आहे. इसाया बर्लिन यांनी 1958 मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. मला कोणी अडवत नाही ही एक, माझ्यावर माझीच सत्ता आहे ही दुसरी. पुढे फिलिप पेटिट यांनी एका जुन्या प्रजासत्ताक विचाराला नव्याने धार दिली. मालक दयाळू आहे आणि कधीच चाबूक उगारत नाही, तरी गुलाम स्वतंत्र होत नाही, कारण उगारायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर राहते. या कसोटीवर पाहिले की मैदान रोज किती तास उघडे होते हा मुद्दा मागे पडतो. ते तास कोण ठरवत होते आणि त्यांना जाब कोण विचारू शकत होते, हा मुद्दा पुढे येतो.

मंडळाचीही बाजू होती आणि ती पोकळ नव्हती. ले-आउटमधली खुली जागा मुळात त्या ले-आउटच्या प्लॉटधारकांसाठी सोडलेली असते, तेव्हा नाल्यापलीकडच्यांचा हक्क कुठून आला, असे मंडळ विचारत होते. उत्तर कागदावर अवलंबून होते. विकास आराखड्यातले आरक्षण, सुविधा भूखंड आणि ले-आउटची खुली जागा हे तीन वेगळे प्रकार आहेत. प्रत्येकाचा मालक कोण आणि वापर कोणाचा, हे कागद पाहिल्याशिवाय बोलू नये. इथे जागा महापालिकेकडे हस्तांतरित झालेली होती आणि तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला होता. त्यामुळे ती सार्वजनिक आहे हा युक्तिवाद टिकणारा होता. पण पहिला अर्ज गेला तेव्हा हे कोणी तपासलेले नव्हते.

दुसरी अडचण शहराची होती. नाशिकच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. हे प्रकरण त्या काळातले. नगरसेवक नव्हते म्हणून महासभा नव्हती, प्रभाग समितीत प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. 2009 च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांची सभा, आली खरी, पण तिचा अध्यक्षच नगरसेवक असतो. घटनेचे 243-यू हे कलम पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या म्हणते. ती झाली नाही तर साध्या माणसाच्या हातून काय निसटते, ते असल्या लहान प्रकरणांत दिसते. अर्ज देता येतो, पण आपला प्रश्न चारचौघांत मांडायला जागा उरत नाही.

समोरचे पर्याय

वस्तीतले तरुण कुलूप तोडायच्या बाजूने होते. त्यांच्या तोंडी काळारामाचे उदाहरण होते आणि नाशिकमध्ये ते येणारच. 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या सत्याग्रहात मंदिराचे चारही दरवाजे बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी 125 पुरुष आणि 25 स्त्रियांची पहिली तुकडी त्या दारांसमोर बसली. पण हे उदाहरण नीट वाचले तर ते कुलूप तोडण्याचे नाही, बंद दारासमोर उघडपणे बसण्याचे आहे. डॉ. आंबेडकरांनी 3 मार्च 1934 च्या पत्रात दादासाहेब गायकवाडांना लिहिले की हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हता, अस्पृश्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे यासाठी होता. मैदानाच्या प्रकरणात हे पत्र एका सभेत वाचून दाखवले गेले आणि त्याने चर्चेची दिशा बदलली.

दुसऱ्या बाजूला 25 नोव्हेंबर 1949 चे घटना समितीतले भाषण होते. त्यात आंबेडकरांनीच सांगितले की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहालाही समर्थन नाही, ते अराजकाचे व्याकरण ठरते. जेव्हा असे मार्गच नव्हते तेव्हा त्या पद्धतींना पुष्कळ समर्थन होते, हेही त्याच भाषणात आहे. म्हणून सभेत विचारायचा खरा प्रश्न असा होता: निवडून आलेले सभागृह नसताना घटनात्मक मार्ग खुला आहे असे म्हणायचे का? बहुमत असे पडले की मार्ग अरुंद झाला आहे, बंद नाही. माहिती अधिकार आहे, नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन आहे, सभा घेण्याचा हक्क आहे, न्यायालय आहे. ते वापरून संपेपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही.

माजी नगरसेवकाला फोन करावा, हा पर्याय सर्वांत सोपा होता आणि काहींनी तो परस्पर वापरलाही. गेट दोन दिवस उघडले, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद झाले.

न्यायालयाचा पर्याय थोडक्यात सोडला गेला. महापालिकेविरुद्ध दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि उच्च न्यायालयात रिट करायची तर मुंबई गाठावी लागते. बंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ले-आउटमधल्या उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे रद्द ठरवले आणि त्या परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हे मान्य केले. हा निकाल अर्जांना जोडायला उपयोगी पडला.

किल्ली घ्यावी का

प्रकरणाचा कळीचा निर्णय इथे आला. पहिला तक्रार अर्ज गेल्यावर मंडळाचे अध्यक्ष बचत गटाच्या सचिवांना भेटले. म्हणाले, "ताई, तुमच्या गटाला एक किल्ली देऊन ठेवतो. मंगळवारी उघडा, बसा, जाताना लावा. कशाला अर्जफाटे?"

"काका, उद्या मंडळात दुसरे कोणी आले आणि किल्ली परत मागितली, तर द्यावीच लागेल ना?"

अध्यक्षांना याचे उत्तर नव्हते, आणि त्यांच्या हेतूत खोट होती असेही नाही. पण त्या एका प्रश्नात वर सांगितलेला सगळा फरक आला. शिवाय किल्ली गटाला मिळाली असती, दहाला फिरणाऱ्या कामगाराला नाही, मुलांना नाही. गट स्वतःच चौथा किल्लीवाला झाला असता.

गटात यावर दोन बैठका झाल्या. जवळजवळ निम्म्या बायका किल्ली घ्या म्हणत होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: मे महिन्यात बसायला सावली लागते, तत्त्व नंतर बघू. ज्याच्या घरी बसायला खोली आहे त्याला किल्ली नाकारणे सोपे जाते, म्हणून हा युक्तिवाद हलका मानू नये. शेवटी किल्ली नाकारली गेली, पण लेखी आणि सभ्य शब्दांत: 'आपण किल्ली देऊ केलीत याबद्दल आभार. आमची विनंती आहे की मंगळवारी 2 ते 5 गेट सर्वांसाठी उघडे ठेवावे आणि वेळा सर्वांच्या बैठकीत ठरवाव्यात.' मंडळाने उत्तर दिले नाही. पुढचे सात-आठ महिने गट एका बोळात ताडपत्रीखाली बसला आणि दोघीजणी येईनाशा झाल्या. या निर्णयाची किंमत होती आणि ती सर्वांत कमी साधने असलेल्यांनी भरली. या निर्णयाचे कौतुक करणाऱ्यांनी ती नजरेआड करू नये.

आमच्या मते निर्णय बरोबर होता. मात्र तो बायकांनी स्वतः घेतला म्हणून बरोबर होता. कॉलनीतल्या एखाद्या सुशिक्षित हितचिंतकाने त्यांच्या वतीने घेतला असता तर तीही एक मर्जीच झाली असती.

काय केले

कागद मिळवणे हे पहिले काम. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण त्यात अकरा प्रश्न होते आणि तीन वेगवेगळे विषय. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. दुसरा अर्ज चार ओळींचा केला: अमुक सर्व्हे क्रमांकातील खुल्या जागेच्या देखभालीबाबतचे पत्र, करार, अटी आणि मुदत यांच्या प्रती. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रतींना पानामागे 2 रुपये. तीस दिवसांच्या आत चार पाने हाती आली.

त्या चार पानांनी चित्र पालटले. मंडळाकडे करार नव्हता, एका अधिकाऱ्याचे पत्र होते. त्याची मुदत केव्हाच संपली होती आणि अटींमध्ये 'जागा नागरिकांच्या वापरासाठी खुली ठेवावी' असे स्वच्छ लिहिले होते. मंडळाच्या बहुतेक सभासदांनी ते पत्र कधी पाहिलेलेही नव्हते.

नंतर गेटसमोरच्या फुटपाथवर सभा. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 (1)(ब) मध्ये आहे. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते पण त्या सरसकट बंद करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शहा प्रकरणात 1972 मध्ये सांगितले आहे. प्रत्यक्षात शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात पाच किंवा अधिक जणांच्या जमावावर बंदी येऊ शकते. म्हणून सभेआधी पोलीस ठाण्यात जाऊन त्या दिवशी आदेश लागू आहे का हे विचारावे. अर्ज दोन प्रतींत द्यावा, एका प्रतीवर पोहोच आणि तारखेचा शिक्का घ्यावा. त्यात जागा, वेळ, अंदाजे संख्या, लाउडस्पीकर आहे की नाही आणि जबाबदार दोघांची नावे लिहावीत. इथे लाउडस्पीकर मागितलाच नाही. परवानगी दीड तासाची मिळाली, रस्ता अडवायचा नाही या अटीवर.

पहिली सभा फसली. अध्यक्षस्थानी तक्रारदारांपैकीच एक जण होता, मंडळाचे लोक आरोपीसारखे उभे राहिले आणि वीस मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला. दुसऱ्या सभेला तीन बदल केले. अध्यक्ष चिठ्ठी टाकून निवडला. प्रत्येकाला तीन मिनिटे दिली आणि घड्याळ मुलांच्या हाती दिले. पहिले बोलणे मंडळाचे ठेवले. मंडळाच्या माजी खजिनदारांनी टँकरचा हिशेब वाचला, आणि वस्तीतल्या कित्येकांना झाडे कशी जगली हे तेव्हा कळले. मग एका बाईने विचारले की आम्ही चोर आहोत असे बोर्डवर लिहायचेच राहिले होते का. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्यानंतरची चर्चा वेळांवर आली.

या टप्प्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांच्या विचाराचा गाभा असा की माणसे समान म्हणून एकत्र येऊन बोलतात, कृती करतात, तेव्हाच स्वातंत्र्य प्रत्यक्षात उतरते, एकट्याने मनात बाळगून ते होत नाही. कामाला येणारी बाई आणि जिच्या घरी ती येते ती बाई, दोघींना तीन-तीनच मिनिटे, हे त्या फुटपाथवर पहिल्यांदा घडले. गेट तोवर बंदच होते.

नियमावलीचा मसुदा तीन सभांत झाला. गेट सकाळी 5:30 ते रात्री 9:30 उघडे. रात्रीचे कुलूप आठवड्याच्या पाळीने, एक जण कॉलनीचा आणि एक वस्तीचा. क्रिकेट फक्त टेनिस बॉलने, संध्याकाळी 5 पर्यंत. लग्न-वाढदिवसाला मैदान नाही. शेवटचे कलम सर्वांत मोलाचे: यातली कोणतीही अट बदलायची तर सात दिवस आधी गेटवर सूचना लावून, खुल्या सभेतच.

मसुदा आणि चार पाने घेऊन महापालिकेच्या लोकशाही दिनाकडे अर्ज गेला. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. पहिला अर्ज परत आला, कारण तो साध्या कागदावर होता. पुढच्या महिन्यात सुनावणी झाली. मंडळाचे दोन सभासद अर्जदारांबरोबर गेले आणि नियमावली आम्हालाही मान्य आहे म्हणाले. कार्यालयाला दोन गटांतला वाद सोडवायचा नव्हता, तयार तोडगा समोर होता. याचा परिणाम कोणत्याही निकालपत्रापेक्षा जास्त झाला असावा.

परिणाम

दोन महिन्यांनी कार्यालयाचे पत्र आले. मुदत संपलेली देखभालीची व्यवस्था रद्द, सात जणांची देखरेख समिती, त्यात मंडळाचे तिघे, वस्तीतले तिघे, बचत गटाची एक, आणि नियमावली प्रायोगिक म्हणून मान्य. जुना बोर्ड उतरला. बचत गट मंगळवारी कडुनिंबाखाली परत आला.

पावसाळ्यात रात्रीच्या कुलपाची पाळी कोलमडली. सलग काही रात्री गेट उघडे राहिले, पुन्हा बाटल्या दिसल्या, आणि 'आम्ही सांगत होतो' असे म्हणण्याची संधी मंडळातल्या जुन्यांना मिळाली. दोघे समिती सोडून गेले. पाळीच्या वहीत सही करायची पद्धत सुरू केल्यावर थोडी शिस्त आली. टँकरची वर्गणी मात्र पूर्वीइतकी जमत नाही. मैदान सर्वांचे झाले तेव्हा पाणी कोणी घालायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सर्वांत मोठी उणीव कागदाची आहे. समिती कार्यालयाच्या पत्रावर उभी आहे, आणि जे पत्र दिले ते मागे घेता येते. मंडळाची मर्जी गेली, तिच्या जागी एका खुर्चीची आली. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून तळे सर्वांना खुले केले होते. तरी 1927 मध्ये माणसांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयीन वाद 1937 पर्यंत चालला. महाडला ठराव होता आणि वापर नव्हता. इथे वापर आहे आणि ठराव नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या तक्रार अर्जात 'अतिक्रमण' हा शब्दही होता. मंडळ त्या एका शब्दाने दुखावले आणि तीन-चार महिने बोलणेच थांबले. आधी पत्र पाहून, ते घेऊन मंडळाकडे गेले असते तर निम्मे सभासद तिथेच बाजूला आले असते. कागद पाहण्याचा जवळचा मार्गही होता: 2018 च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अकरा प्रश्नांचा अर्ज लिहिण्याआधी एक सोमवार तिथे घालवला असता, तर कोणता कागद मागायचा हे कळले असते.

सभांची वेळ रविवारी सकाळी दहाची होती. ही वेळ कॉलनीच्या सोयीची. रविवारी त्याच कॉलनीतल्या घरांत पाहुणे असतात आणि कामाच्या बायकांना सुटी मिळत नाही. तिसऱ्या सभेपासून वेळ संध्याकाळी सहाची केली आणि वस्तीतल्या बायकांची हजेरी लगेच वाढली. सभा कोणासाठी आहे हे तिची वेळच ठरवते.

व्हॉट्सअॅप गटावर नियमावलीची चर्चा करू द्यायला नको होती. तिथे चौघे लिहितात, बाकीचे वाचतात, आणि ज्यांच्याकडे फोन घरातल्या मुलाचा आहे त्या बायका दोन्हींतून सुटतात. गट फक्त तारीख-वेळ कळवण्यापुरता ठेवावा.

मुलांना शेवटपर्यंत कोणी विचारले नाही. क्रिकेट 5 पर्यंत असे ठरले तेव्हा त्यांच्या हाती घड्याळ होते, मत नव्हते. शाळा आणि क्लासमुळे ती साडेपाचला येतात, म्हणून हा नियम रोज मोडतो. एका सोळा वर्षांच्या मुलाने शेवटच्या कलमाचा आधार घेऊन वेळ बदलण्याची सूचना लिहून दिली आहे. ती गेटवर लावलेली आहे, सात दिवसांची मुदत चालू आहे, आणि समितीतल्या दोघांचा तिला विरोध आहे.